वडिलांची पाटी

घशाच्या ऑपरेशनमध्ये वडिलांचा आवाज कायमचा गेला. तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलतात. त्यांचं ऐकायचं तर त्यांच्याकडे बघावंच लागतं.

आणि मी बघत होते मोबाईलमध्ये. मी सोलापुरात शाळेत शिकवते. शाळेच्या ग्रुपवर संध्याकाळीही काही ना काही माहिती मागत राहतात, आणि ती पाठवून झाली तरी माझा अंगठा थांबत नाही. त्या दिवशी वडिलांनी पाटी पुढे धरली. मान वर न करताच मी म्हणाले, "हो बाबा, बघू उद्या."

पाटी हलेना. वैतागून वर पाहिलं, तर ती कोरी होती. मुद्दामच कोरी धरली होती त्यांनी. रागानं त्यांचे ओठ थरथरत होते.

मला स्वतःचाच असा संताप आला, की मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटला. नेमका तेव्हाच मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या वर्गाची माहिती राहिली की."

"उद्या शाळेत देते, सर. सहानंतर मी ग्रुपवर नसेन."

"सगळे असतात. तुम्हालाच काय झालं?"

"सगळ्यांचे वडील बोलू शकतात!" मी ओरडले आणि फोन बंद करून कपाटात कोंबला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणी माझ्याशी धड बोललं नाही. नका बोलू. संध्याकाळी सहाला फोन बंद करून मी वडिलांसमोर बसले. त्यांनी लिहिलं, "महिना झाला, डावा कान दुखतोय."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

त्यांनी चार बोटं वर केली. चार वेळा लिहून दाखवलं होतं.