आंबील कोण शिंपतं?

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी सामान टेम्पोत चढलं, आई ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली, आणि अण्णांचाच पत्ता नव्हता. मला शोधायला पाठवलं. ते ओढ्याकडच्या रानात बांधावर उभे होते, शेजारी त्यांचे धाकटे भाऊ, माझे बाबूकाका. अण्णांना पुण्याकडे कंपनीत नोकरी लागली होती. भावाभावांच्या वाटणीत हे काळं, ओल धरणारं रान अण्णांना आलेलं आणि काकांच्या वाट्याला माळाचं मुरमाड. अण्णा म्हणाले, “बाबू, रान तुझ्या हवाली. पिकव, खा. येळवशीला चर तेवढा आमच्या घरचं माणूस शिंपंल.” काकांचे डोळे भरले होते. “दादा, कावून असं बोलता? रान तुमचंच हाय,” म्हणाले. कागद काही झाला नाही. भावाकडून कागद लिहून घ्यायचा म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, असं दोघांनाही वाटलं.

आमच्या घाटनांदूरकडच्या माणसांना येळवस सांगायला नको, पण तिकडे न वाढलेल्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव रानात. कडब्याच्या खोपीत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची बेसन लावलेली एकत्र भाजी, बाजरीचे उंडे आणि ताकात शिजवलेली ज्वारीची आंबील दाखवायची. मग ज्याचं रान, त्याच्या घरच्या माणसानं आंबिलीचं भांडं घेऊन उभ्या ज्वारीतून फिरायचं आणि चहूकडे शिंपडायचं. याला चर शिंपणं म्हणतात. आमच्या भावकीत कसणारा पंगत घालतो, पण चर मालकच शिंपतो. अण्णा त्यासाठी दरवर्षी रजा टाकून जायचे. थकल्यावर ते खोपीत बसून राहायचे आणि भांडं माझ्या हातात असायचं. मी एकुलती एक. “पोरीच्या जातीनं?” असं कुणीतरी पुटपुटलं, तेव्हा काकांनीच त्याला गप्प केलं.

पुण्यात आम्ही रुळलो. मी इथेच शिकले, इथेच लग्न झालं. आता आठव्या मजल्यावर टू बीएचके, लिफ्टमध्ये हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारी आणि नाव माहीत नसणारी माणसं. एका वर्षी जाणं जमलं नाही म्हणून मी कुकरात भज्जी केली आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर आंबील शिंपडली. तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर सातव्या मजल्याचा मेसेज : वरून ताक कोण सांडतंय? सॉरी टाकलं. उरलेली आंबील पिऊन टाकली.

आईअण्णा गेले, मागोमाग काकाही गेले. सातबाऱ्यावर अण्णांच्या जागी माझं नाव लागलं आणि काकांचा मुलगा बालाजी यानं दावा ठोकला. त्याचं म्हणणं, इतकी वर्षं कब्जा आमचा, वहिवाट आमची, म्हणून मालकीही आमची. मला पहिल्यांदा आला तो रागच. ज्याच्याबरोबर मी ओढ्यात खेकडे धरले, तो आंबेजोगाईच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर मला ओलांडून जायचा. गावात गेले तर काकूच्या दारावरून पुढे जावं लागायचं. येळवस तर बंदच झाली माझी. पण प्रवासात, खिडकीला डोकं टेकलं की दुसरंही आठवायचं. रानातली विहीर बालाजीनं खोदलेली. बांध त्यानं घातले. मी कढीपत्त्याला पाणी घालत होते तेव्हा तो तिथे वाफे भिजवत होता.

त्यांच्या बाजूनं काकू साक्षीला आली. नवी इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर, भेदरलेली. त्यांच्या वकिलानं मोठ्या हौसेनं येळवशीचाच विषय काढला. ओढ्याकडच्या रानात पंगत कोण घालतं? काकूचा चेहरा खुलला. “आमीच की! समद्या गावाला घालतो.” वहिवाटीचा याहून मोठा पुरावा काय, अशा ऐटीत ते खाली बसले. आमचे वकील तिकडचेच, रानात जेवून वाढलेले. त्यांनी उठून एवढंच विचारलं, “आणि चर कोण शिंपतं?”

काकूनं बालाजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “थोरले भावजी शिंपायचे,” ती म्हणाली. “त्यांच्यामागं ही पोरगी. आमी कसा शिंपावा? रान त्यांचं हाय.”

बालाजी तिला तिथेच सोडून मोटरसायकलवर निघून गेला. ती मला एसटी स्टँडवर बाकावर एकटी दिसली. मी चहा आणला, शेजारी बसले, आभार मानायला तोंड उघडलं. तिनं हातानं थांबवलं. “तुझ्याकडून बोलले न्हाई म्या. खरं ते बोलले. रान तुझं हाय, पर घाम माझ्या लेकराचा हाय. ते मला कुणी इचारलंच न्हाई.” मग चहा तसाच धरून ती बराच वेळ रडली. मीही रडले. घाटनांदूरची गाडी लागली तसा तिनं डोळ्याला पदर लावला आणि गर्दीत घुसून जागा धरली.

वकील म्हणाले, आता केस आपलीच आहे. मी म्हटलं, तडजोड करायची. ते वैतागले, पण नवरा म्हणाला, तुझं रान, तू ठरव. विहिरीकडचा अर्धा भाग बालाजीच्या नावावर झाला. सही करताना तो मान वर करत नव्हता. सही झाल्यावर खाली बघतच म्हणाला, “अक्का, येळवशीला येशील का?”

गेले. आंबिलीचं भांडं घेऊन मी माझ्या अर्ध्यात फिरले आणि मधल्या नव्या बांधावर थांबले. बालाजीच्या हातात भांडं दिलं. आयुष्यभर त्या रानात राबलेला माणूस, पण हे काम त्यानं कधी केलेलं नव्हतं. ज्वारीपेक्षा पायावरच जास्त सांडत होता. खोपीतून काकू ओरडली, “आरं हळू! जवारीच्या दोन ताटांपुरती तरी ऱ्हाऊ दी!”

गावातच राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या माझ्या माणसांनो, लोक मला विचारतात, गावाकडे आता तुमचं काय आहे? अर्धं रान आहे, मी सांगते. अख्खं माझं होतं तेव्हा त्या बांधावर मला पाणीसुद्धा कुणी विचारत नव्हतं. परवा निघताना काकू गाडीपर्यंत आली. बाटलीत आंबील भरून दिली, झाकण दोनदा आवळलं आणि म्हणाली, “फुडल्या येळवशीला आदल्या दिशीच ये. चर अर्धा झाला तुझा, पर भज्जी समद्या गावाची करायची हाय.”