तारेवरचं काळं कडं

बारामतीच्या महाविद्यालयात उत्तरपत्रिका तपासत होते, तेव्हा लासुर्ण्याहून नवऱ्याचा फोन आला. "विनायकतात्या गेले... आत्ताच." बाहेर लख्ख ऊन होतं. माझ्या मनात आधी आला तो आमच्या गच्चीवरचा सौर इन्व्हर्टर. तो या क्षणीही चालूच असेल.

तात्या आमचे शेजारी. कारखान्यातून निवृत्त झालेले, परवाना असलेले हौशी रेडिओवाले. रोज सकाळी नऊला ते सावंतवाडीच्या एका मित्राशी रेडिओवरून बोलत. वीसेक वर्षांची मैत्री, भेट एकदाही नाही; ओळख ती केवळ आवाजाची. गेल्या वर्षी आम्ही सौर पॅनेल बसवले आणि तात्यांच्या रेडिओत उकळत्या तेलासारखा तडतडता गोंगाट भरला. सूर्य मावळला की तो शमे. पण तोवर सावंतवाडी गाठणाऱ्या लहरीही विझलेल्या असत.

एकदा पायरीवर बसून त्यांनी दोन काळी कडी माझ्या तळहातावर ठेवली. थंड, जड.

"दोनी फेराइटचीच, चुंबकी मातीची. दिसाय सारखी, पण ह्ये वरच्या लहरी अडवतंय, आपल्या कामाचं न्हाय. ह्ये दुसरं घ्यायचं. ह्यातनं तुमच्या इन्व्हर्टरच्या केबलचे सात-आठ वेढे काढले की गोंगाट तितंच मरतो."

"तुमच्या तारेला लावा की, तात्या."

"लावून बघितलं. घाण उगमालाच अडवावी लागती, मास्तरीणबाई. तुमाला वीज फुकट, आमचा दोस्त मातूर गेला!"

ते हसले. केबलला हात लावला तर वॉरंटी जाईल, असं बसवणाऱ्याने बजावलं होतं. "पुढच्या महिन्यात बघू," मी म्हणाले. तीनदा म्हणाले. चौथ्यांदा ते आलेच नाहीत. मग रोज नऊला भिंतीपलीकडून तो तडतडाट ऐकू येई आणि त्यात बुडणारी त्यांची हाक... "माझं ऐकू येतंय का? मला तुमचं काय बी येत न्हाय हो..."

तेराव्यानंतर तात्यांच्या बायकोकडून, काकूंकडून, ते दुसरं कडं मागून घेतलं आणि वायरमनकडून आमच्या केबलवर बसवलं. अर्ध्या तासाचं काम.

दुसऱ्या दिवशी नऊला मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा काकूंनी रेडिओ लावला. गोंगाट पार खाली बसला होता; धुतलेल्या काचेसारखी शांतता. तिच्यातून एक म्हातारा, ओलसर आवाज आला. "तात्या, आज तरी आहात ना? मी थांबलोय."

काकूंनी माइक माझ्या हातात दिला. "त्यास्नी कुणीच सांगितलं न्हाय गं. तू सांग."

परवान्याशिवाय ते बटण दाबायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. दाबलं. एक श्वास घेतला... आणि बटण सोडलं.

"तात्या," पलीकडचा आवाज उजळला, "श्वास ऐकू आला तुमचा. बोला हो."