सुई उकळेपर्यंत

उकंडराव इंगोले पहिल्यांदा माझ्यासमोर आले ते माझ्याकडे न बघताच. मी ड्रेसिंगच्या खोलीत वातीच्या स्टोव्हवर सिरिंजचं भांडं चढवलं होतं. धोतर, वर बंद गळ्याचा कोट आणि काखेत छत्री, अशी एक मूर्ती दारातून आत आली, भांड्यात डोकावली आणि म्हणाली, "पानी आत्ताच ठेवलं काय?" मी हो म्हटलं. "मंग हाये टाइम," असं स्वतःलाच सांगून ते निघून गेले. पाण्याला बुडबुडे येऊ लागले तसे पुन्हा आले, या वेळी हातात एक केसपेपर. तो माझ्या टेबलावर ठेवला, वर चिमटा ठेवला, वाऱ्यानं उडत नाही ना ते पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. थंडीचे दिवस होते. हा माणूस काही तरी करून आलाय की काय, असं मला वाटलं.

अमरावतीच्या त्या धर्मादाय इस्पितळात मी नुकतीच नर्स म्हणून लागले होते. माझे बाबा अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात हमाली करायचे. त्यांनी आम्हां सगळ्यांना नागपूरला नेऊन दीक्षा घेतली, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारी मी पहिलीच, त्यामुळे नोकरी जाईल या धास्तीनं मी कपाटालासुद्धा दबकून असायची. उकंडराव भेटले आणि आपल्याहून भित्रा माणूस या इमारतीत आहे, हे कळून मला मोठा धीर आला.

ते तिथले रेकॉर्डकीपर होते. येऊन गेलेल्या प्रत्येक रोग्याचा केसपेपर त्यांच्या खोलीत लाल फडक्याच्या बस्त्यांमध्ये बांधलेला असे. त्या काळी पेनिसिलीन म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचा उतारा झाला होता. पण एखाद्याला ते सोसत नसे. अंग सुजायचं, श्वास कोंडायचा, क्वचित माणूस हातचा जायचा. असं एकदा झालं की डॉक्टर त्या माणसाच्या केसपेपरवर लाल शाईनं लिहून ठेवत. म्हणून उकंडरावांनी स्वतःच्या जिवाला एक नियम लावून घेतला होता. रोगी जुना असेल तर मी भांडं चढवल्यापासून सुई उकळेपर्यंत त्याचा कागद माझ्या टेबलावर आला पाहिजे. हा नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता आणि मोडला असता तर कोणी विचारणारही नव्हतं. "सुई कोनासाठी थांबत नाई, बाई," ते म्हणत. "कागदानंच पयले पोचा लागते."

काळजी करायला त्यांना कारण लागत नसे. घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत जाऊन ते ओढून बघत. छत्री बारा महिने काखेत. शनिवारी मूर्तिजापूरहून छोट्या रुळाच्या गाडीनं गावी जायचे, तर ती गाडी निवांत येणारी आणि हे स्टेशनवर तिच्या किती तरी आधी हजर. मी एकदा चिडवलं, "गाडी तुमच्या आधी येऊन गेली तर, अशी भीती वाटते का?" ते हसले नाहीत. म्हणाले, "माया नावातच भेव हाये, बाई. मायच्या आदीच्या लेकरायतलं एकबी जगलं नाई. म्हनून मले जन्मल्या जन्मल्या उकंड्यावर, शेनाकचऱ्यात ठेवलं, यमाची नजर जाऊ नये म्हनून. तवापासून मी पाहूनच राह्यलो, त्याची नजर कुठी हाये ते."

इस्पितळात मोठे डॉक्टर बदलले की रेकॉर्डची मांडणीही बदले. पहिल्या डॉक्टरांच्या वेळी बस्ते गावागावाने होते. दुसऱ्यांनी ते मोडून सालवार नंबर घातले. तिसरे आले ते मुंबईत शिकलेले, हुशार आणि घाईचे; त्यांनी सगळे कागद रोगावार लावायला सांगितले. तापाचे एकीकडे, हाडांचे एकीकडे, बाळंतिणींचे वेगळे. दर वेळी उकंडराव नव्या मांडणीची परीक्षा घेत. मी स्टोव्ह पेटवायचा, त्यांनी एक नाव पुकारायचं आणि त्यांच्या हाताखालचे दफ्तरी हसनभाई यांनी बस्त्यातून कागद काढून धावत आणायचा. पाणी उकळायच्या आत आला तर पास. नावंही ठरलेलीच होती, पहिल्या मांडणीपासून तीच. मी विचारलं, "दुसरी नावं का नाही घेत?"

"तराजू बदलला तं बदलू द्या," ते म्हणाले, "वजन तेच ठेवा लागते. नाई तं नवा तराजू खरा का जुना, समजन कसं?"

बोलणं मला पटलं. मोठ्या डॉक्टरांनाही पटलं. रोगावार मांडणीत तर कागद असे येऊ लागले की पाण्याला अजून कढही यायचा नसे. हसनभाई छाती फुगवून म्हणत, "फिकर काहून करता, उकंडभाऊ? तुमी नाव घ्या, कागद हाजीर." उकंडरावांनी नवी पद्धत सगळ्यांत जलद असल्याचं डॉक्टरांना सांगितलं आणि जुन्या मांडणीचे उरलेसुरले बस्तेही सोडले गेले. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा छत्रीशिवाय पाहिलं.

मग एका उन्हाळ्यात दुपारी वरूडकडची एक बाई बैलगाडीतून आणि पुढे मोटारीतून आली. संत्र्यांच्या पेट्या भरायच्या कामावर असायची. पेटीचा खिळा तळपायात गेला होता, पाय गुडघ्यापर्यंत सुजून तापला होता आणि ती बरळत होती. बरोबर सासू. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि मला पेनिसिलीन तयार करायला सांगितलं. मी भांडं चढवलं. दारात उकंडराव होतेच.

"मावशी, ही पयले कधी आलती काय इथी?" त्यांनी सासूला विचारलं.

"लगनाच्या आदी भरती होती म्हनते," सासू म्हणाली.

"कायच्या दुखन्यानं?"

"ते आमाले का मालूम, बावा? तवा ते तिच्या मायच्या घरी होती."

उकंडराव जागच्या जागी थबकले. मलाही कळायला थोडा वेळच लागला. कागद रोगावार लावलेले. कुठला रोग ते ठाऊक नाही, तर कुठला बस्ता सोडायचा? हसनभाई तापाचे बस्ते उलथू लागले, मग पोटाचे. पाणी गुणगुणायला लागलं. परीक्षेच्या वेळी त्यांचा हात पटकन पडायचा, कारण ती ठरलेली नावं, त्यांची दुखणी आणि त्यांचे बस्ते त्यांना केव्हाच पाठ झाले होते. तेच कागद पुन्हा पुन्हा काढल्यानं ते बस्त्यात वरच राहात. आम्ही मांडणीची नाही, हसनभाईंच्या आठवणीची परीक्षा घेत होतो.

पाणी उकळलं. मी चिमट्यानं सिरिंज उचलली. डॉक्टरांनी हात पुढे केला आणि उकंडराव आमच्या दोघांच्या मधे येऊन उभे राहिले.

"कागद आला नाई, साहेब."

"उकंडराव, बाजूला व्हा. पाय बघितलात का तिचा?"

"पाह्यला, साहेब."

"तुम्हीच ही पद्धत जलद म्हणालात ना? मग कागद कुठाय?"

"म्या सांगतलं ते खोटं होतं. आमी तेच तेच कागद मांगून राह्यलो होतो. हसनभाईले झोपीत इचारलं तरी सापडले असते. हिचा कोनं कधी मांगतलाच नाई."

डॉक्टर रागावले नाहीत, याचंच मला नवल वाटलं. त्यांनी एकदा त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या सिरिंजकडे. पेनिसिलीन दिलं नाही तर पायाचं विष अंगात जायची भीती, आणि दिलं आणि सोसलं नाही तर ती तिथल्या तिथेच जायची. "संध्याकाळपर्यंत सल्फाच्या गोळ्यांवर ठेवतो," ते म्हणाले. "तोवर ताप उतरला नाही तर मी थांबणार नाही. शोधा."

ती दुपार मी विसरू शकत नाही. स्वयंपाकघरातल्या बायांपासून कंपाउंडरपर्यंत हाताला लागतील ती माणसं रेकॉर्डच्या खोलीत जमिनीवर बसली आणि कागद न् कागद उलटू लागली. मी ताप बघायची आणि खोलीत सांगायला जायची. ताप चढतच होता. उकंडराव मान वर न करता ऐकत. एकदाच पुटपुटले, "न देता गेली तं माया माथी, देऊन गेली तं बी माया माथी." मी त्यांना पाणी दिलं तर ग्लास बाजूला ठेवून त्यांनी पुढचा बस्ता सोडला. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता, आणि सगळ्यात जास्त भीती वाटत होती. मला ठाऊक होतं, डॉक्टर पुन्हा हात पुढे करतील तेव्हा सिरिंज मलाच द्यावी लागेल.

कागद उन्हं उतरताना सापडला, कानाच्या दुखण्याच्या बस्त्यात. लग्नाआधी कान फुटला म्हणून ती आली होती. तिच्या नावाखाली लाल शाईच्या दोन ओळी होत्या. पेनिसिलीन दिल्यावर श्वास बंद पडला, मोठ्या कष्टानं वाचली, पुन्हा कधीही देऊ नये. उकंडरावांनी तो कागद डॉक्टरांना नेऊन दिला आणि व्हरांड्यातल्या फरशीवर बसकण मारली.

बाई गोळ्यांवरच वाचली. पाय बरा व्हायला फार दिवस लागले आणि पुढे ती जरा लंगडायची, पण आपल्या पायांनी घरी गेली. सगळ्यांनी उकंडरावांची पाठ थोपटली. ते मात्र म्हणाले, "ते माया परीक्षेनं नाई वाचली. माया भेवानं वाचली. भेव रोज कामी येते असं नाई."

मांडणी पुन्हा गावावार झाली, डॉक्टरांनी स्वतः सांगितलं म्हणून. फक्त बायांचे कागद त्यांच्या माहेरच्या गावाखाली लागले. "बाई सारं इसरते," उकंडराव म्हणाले, "माहेराचं गाव नाई इसरत. अन् सासूले बी ते पाठ रायते, टोमना माराले." परीक्षा चालूच राहिल्या, पण ठरलेली नावं गेली. मी भांडं चढवलं की ते बाहेरच्या रांगेत जाऊन दिसेल त्या जुन्या रोग्याचं नाव विचारून येत. कधी पास होत, कधी नापास. नापास झाले की त्या दिवशी जेवत नसत. छत्री काखेत परत आली होती.

पुढे काही वर्षांनी ते स्वतःच इस्पितळात भरती झाले. छातीत कफ दाटला होता आणि अंगात काही उरलं नव्हतं. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं त्या सकाळी मी वॉर्डाच्या टोकाला स्टोव्ह पेटवला. भांडं चढतंय न चढतंय तोच हसनभाई त्यांचा केसपेपर घेऊन हजर झाले. उकंडरावांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि हसनभाईंकडे पाहिलं.

"इतक्या लवकर?"

हसनभाई खाली बघू लागले. कागद त्यांनी सकाळपासून खिशात घडी करून ठेवला होता, हे मलाही माहीत होतं.

"हे काई परीक्षा नाई, बाई," उकंडराव मला म्हणाले. "बाजूच्याचा मांगून पाहा."

बाजूच्या खाटेवर कौंडण्यपूरकडचा एक शेतकरी होता, आदल्या रात्री आलेला, पूर्वी केव्हा तरी येऊन गेलेला. त्याचं नाव-गाव विचारून हसनभाई गेले. पाणी गुणगुणायला लागलं. उकंडराव दाराकडे बघत होते आणि त्यांची छाती वरखाली होत होती. एक बुडबुडा आला. मला राहवेना. मी हळूच स्टोव्हच्या किल्लीकडे हात नेला.

"वात खाली करू नका, बाई," ते दारावरची नजर न काढता म्हणाले.

मी हात मागे घेतला. तेवढ्यात व्हरांड्यातून हसनभाईंच्या चपलांचा आवाज आला आणि मागोमाग ते कागद घेऊन आत शिरले. उकंडरावांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं. शेजाऱ्याला त्याच्या बापाचं नाव विचारलं, मग गाव, आणि दोन्ही कागदाशी ताडून पाहिली. मग कागद उलटून लाल शाई कुठे नाही ना, तेही पाहिलं. भांड्यातलं पाणी आता कुठे कढ धरत होतं.

"बरं," ते म्हणाले, आणि सदऱ्याची बाही वर सारून हात माझ्यापुढे केला. "आता द्या सुई."