तक्रार अर्ज सोबत जोडला आहे

आता आधीच बजावून ठेवतो, हसायचं नाही. चहा घ्या, बिस्किट बुडवा, पण मध्ये कुणी हसलं तर मी उठून जाईन. मी फसलो असतो तर एक वेळ चाललं असतं हो! मला सगळं कळत होतं. कळत असताना केलं, आणि तेच अजून झोंबतंय.

तळेगाव ढमढेऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. परवा सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तर बँकेची मेल. तुमच्या खात्यातून मोठी रक्कम गेली, आजच्या आज कळवा, नाहीतर खातं बंद!

अरे, कुणाला शिकवता? पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला, तर बँकेच्या नावापुढं कसली तरी अगडबगड अक्षरं. माझं नाव कुठंच नाही. वर घाई, वर धमकी. आणि त्या बँकेत माझं खातंच नाही! शेंबडं पोरगंही ओळखेल.

"खोटी हाय ना? मग टाका की काढून," बायको म्हणाली.

"काढून कशी टाकू? हे हरामखोर लोकांना लुटणार, आन् मी गप बसू?"

"मग काय करणार?"

"झापणार!"

माझं डोकं एकदा फिरलं की फिरलं. मेलच्या शेवटी लिहिलं होतं, 'हा व्यवहार आपण केला नसल्यास तक्रार अर्ज सोबत जोडला आहे.' म्हटलं, वा! तुमच्याच अर्जावर तुमचीच तक्रार करतो. अशा शिव्या लिहितो की सात पिढ्या आठवण काढाल!

आता तुम्ही म्हणाल, चोराची तक्रार चोराकडंच? अहो, रागात एवढा विचार कोण करतं? कॉम्प्युटरनंसुद्धा विचारलं, ही फाईल धोक्याची असू शकते, तरी उघडायची का? म्हटलं, मला विचारणारा तू कोण? आणि दाबलं बटण.

अर्ज-बिर्ज काही आलाच नाही. स्क्रीन काळी झाली, परत उजळली, आणि त्यानंतर एक फोटो उघडेल तर शपथ!

त्या कॉम्प्युटरमध्ये वरवंडच्या आप्पांच्या मुलीचं अख्खं लग्न होतं. एकुलती एक लेक. अल्बम अजून व्हायचा होता. कॅमेऱ्यातलं कार्ड? ते पुसून मी कासुर्डीच्या बारशाला वापरलं होतं.

शिरूरहून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं.

"मामा, खोटी हाय हे कळलं व्हतं, तर फाईल उघडली कशाला?"

"शिव्या द्यायला."

त्यानं आधी कॉम्प्युटरची वायर उपटली. मग म्हणाला, "फोटू काय परत यायचे न्हाईत. आन् तुमच्या मेलवरनं हीच फाईल तुमच्या समद्या गिऱ्हाइकांना गेलीया."

म्हणजे आता चोर मीच! गाडीला किक मारली आणि तडक वरवंडला निघालो. वाटेत आधी चोरांना शिव्या दिल्या, मग कॉम्प्युटरला, आणि चौफुला येईपर्यंत उरलो मी एकटाच, मग मला.

आप्पा ओट्यावरच बसले होते. 'जय भीम'सुद्धा न म्हणता सांगून टाकलं.

"आप्पा, घात झाला. ताईच्या लग्नाचे फोटो गेले. माझ्यामुळं गेले."

"जात्यात कुठं, दिल्या? कपाटात हायेत की."

"कपाटात?"

"पेन ड्राइव्हमदी. आमाला फोटू निवडायला उशीर लागला, तवा तूच न्हाई का वरडला? 'हे घ्या समदे, घरी न्या, आन् बसा वरीसभर निवडत!' असं म्हणून आंगावरच टाकला की."

मला काही केल्या आठवेना. दिवसभरात इतक्या जणांवर ओरडतो, कुणाकुणाचं लक्षात ठेवू? पण खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

"आन् आप्पा, माझ्या नावाची मेल आली असंल, ती उघडू नका."

"आली व्हती. जावयानं वाचून दाखवली. म्या म्हणलं, हात लावू नगं, खोटी हाय."

मी चाटच पडलो. "वळाखलं कसं? पत्ता बघितला?"

"पत्ता कशाला बघतोय? त्यात लिवलं व्हतं, 'आदरणीय ग्राहक, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.' म्हणलं, दिल्या आन् आपल्याला आदरणीय म्हणतोय? क्षमा मागतोय? ह्यो आपला दिल्या न्हाईच!"

घरी आलो आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना मोबाईलवर इशारा लिहायला बसलो. 'सप्रेम नमस्कार. आपणास नम्र विनंती की...'

बायकोनं मागून वाचलं. "हे पाठवू नका. ह्येबी खोटंच वाटंल."

असा संताप आला! सगळं पुसलं आणि लिहिलं, 'ती फाईल जो उघडंल, त्यानं माझ्या दुकानाची पायरी चढायची नाही. डोकं आहे का नाही?'

लगेच उत्तरं यायला लागली. सगळ्यांचं म्हणणं एकच, 'हां, हे मात्र तुम्हीच लिहिलंय.'