मागच्या खोलीतली शेगडी

आमच्या घराचे दोन भाग झाले ते एका सरकारी पाहणीसाठी, आणि तेही खोटे खोटे.

रेशनकार्ड फोडून दोन केली तर बरं पडतं, असं निपाणीच्या बाजारात कुणीतरी थोरल्या दिरांना सांगितलं. त्यासाठी दोन भावांच्या चुली वेगळ्या दाखवाव्या लागतात. आमच्याकडे माणसं सात आणि चूल एक, ती सासूबाईंची. मी त्यांना आत्ती म्हणते. "नुस्तं दावायचं हाय, खरं कुठं वायलं व्हायचंय," म्हणत त्यांनीच तंबाखू ठेवायची मागची खोली झाडून घेतली आणि तिथं माझ्या माहेरची गॅसची शेगडी मांडली.

पाहणीला आलेल्या माणसानं शेगडीला हात लावला. म्हणाला, "ही वापरातली दिसत न्हाय."

आत्ती हार मानणाऱ्यातल्या नव्हेत. "च्या ठेवतो की आत्ता," म्हणून त्यांनी तिच्यावर दूध चढवलं आणि त्याच्याशी कानडीत त्याच्या गावच्या गप्पा मारत बसल्या. दूध उतू गेलं. नव्या घरात आम्ही मुद्दाम घालवतो तसं, चारी बाजूंनी, अगदी व्यवस्थित. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फडकं शोधायला लागले.

त्यानं दोन अर्ज पुढे ओढले. "आज्जी कुणाच्या कार्डात?"

याचा विचार कुणी केलाच नव्हता. दीर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. नवऱ्याला मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं. मी शेगडी पुसत राहिले. तिला एवढं पुसायची गरज नव्हती. "आमच्यात" एवढंच म्हणायचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

"लिवा, कुठं जागा आसंल तितं," आत्ती म्हणाल्या.

त्यांचं नाव आमच्या कार्डात आलं. शेगडी काही माहेरी परत गेली नाही. लेकीच्या शाळेची घाई म्हणून आधी तिच्यावर चहा झाला, मग डबा, मग रात्रीची आमटी. भांडण एकदाही झालं नाही, त्यामुळे मिटवायलाही कुणी आलं नाही.

परवा आत्ती वाटी घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"चमचाभर साखर घिऊ काय गं?"

मी लग्न होऊन आले त्या दिवशी साखरेचा डबा कुठं असतो ते मला त्यांनीच दाखवलं होतं.