जुन्या कारखान्याची किंमत

घरात तिला सगळे ‘अर्थमंत्री’ म्हणायचे. विद्यापीठात वित्त आणि गुंतवणूक शिकायला लागल्यापासून वडिलांनीच हे नाव पाडलं होतं. ते दोऱ्याच्या कारखान्यात फिटर. सव्वीस वर्षं झाली होती त्यांना तिथे.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका कंपनीचं मूल्यमापन करायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या आणि तिच्या वाट्याला नेमकी वडिलांचीच कंपनी आली. सरांना सांगून बदलून घेता आली असती. पण तिला वाटलं, बरंच झालं, घरबसल्या माहिती मिळेल.

दोन महिने ती ताळेबंदांत डोकं खुपसून बसली. कंपनीचे तीन कारखाने. दोन नवे, एक जुना. हिशोब कसाही मांडला तरी उत्तर एकच येई: जुना बंद करा, जागा विका, शेअरचा भाव दीडपटीच्या घरात जाईल. वडील जुन्यात होते.

सर मात्र खूश. “शाब्बास! अगदी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंस. पाहुण्यांसमोर तूच मांड.” पाहुणे म्हणजे गुंतवणूक कंपन्यांमधली माणसं.

घरी तिने आठवडाभर विषय टाळला. शेवटी जेवताना वडीलच म्हणाले, “काय मग अर्थमंत्री, आमच्याबद्दल काय लिहिलंय?”

“काही नाही हो बाबा, नुसते आकडे.”

“मग दाखव की. आकडे मलाही कळतात.”

त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. आईने ताटं उचलली, ओटा पुसला, तरी ते वाचतच होते. दोनशे दहा कामगारांची नुकसानभरपाई एका ओळीत होती. तिथे बोट जरा थांबलं, मग पुढे सरकलं.

“ही सात यंत्रं शून्य किमतीची कशी?”

“घसारा, बाबा. दरवर्षी थोडी किंमत कमी धरतात. यांची संपली.”

“कागदावर संपली. अगं, चालतायत ती! बुटांचा जाड दोरा फक्त त्यांच्यावरच निघतो. नव्या यंत्रांवर तो तुटतो. ते गिऱ्हाईक कुठे धरलंयस तू?”

तिने ते धरलंच नव्हतं. तोंडात मारल्यासारखं झालं तिला. दुसऱ्या दिवशी ती सगळा हिशोब नव्याने मांडायला बसली. फायदा निम्म्यावर आला. पण उरलाच. कारखाना बंद करणंच अजूनही फायद्याचं दिसत होतं.

“आता काय करू?” तिने विचारलं.

“चुकलं होतं ते सुधारलंस ना? मग झालं.” वडिलांनी पाण्याचा ग्लास संपवून खाली ठेवला. “खरं असेल ते माझ्यासाठी बदलू नकोस.”

आई आतून म्हणाली, “दोघांचंही डोकं फिरलंय.” आणि मग चार दिवस कोणाशी धड बोलली नाही.

सभागृहात तिने आधीचा आकडा सांगितला, तो का चुकला तेही सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, “माझे वडील या जुन्या कारखान्यात काम करतात. हे लक्षात ठेवूनच माझं म्हणणं ऐका.” कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका पाहुण्याने मात्र अहवालाची प्रत मागून घेतली.

अकरा महिन्यांनी जुना कारखाना बंद झाला. तिच्या कागदामुळे की असाच व्हायचा होता, हे तिला कधीच कळलं नाही. वडिलांनी कोणाला दोष दिला नाही. पण तिच्या अहवालाचं कारखान्यात कळलं होतं; त्यांच्या पाळीतले दोघे रस्त्यात दिसले की मान वळवू लागले, आणि ते तिच्यामुळे हे तिला कळत होतं. वडिलांना एका गॅरेजमध्ये काम मिळालं, निम्म्या पगारावर.

प्रत मागणाऱ्या पाहुण्याने तिला नोकरी देऊ केली. घ्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. आईच म्हणाली, “घे. घरात एक तरी धड पगार हवा.”

तिने घेतली. पहिलंच काम एका काच कारखान्याचं आलं. साहेबांना तिने विचारलं, “एकदा तिथे जाऊन बघू का?”

“कशाला? सगळं फाइलमध्ये आहे.”

तिने शनिवारी सुट्टी टाकली आणि पदरच्या पैशाने बसचं तिकीट काढलं.