आईची प्रेशरची गोळी

चिपळूण स्टेशनवर बाबांनी बॅगा डब्यात चढवल्या. आई खिडकीपाशी उभी राहून एकच सांगत होती, "जेवत जा गं वेळेवर." जयपूरला चांगली नोकरी लागली होती. रडायचं काही कारण नव्हतं, म्हणून रडले नाही.

वैशाली नगरातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पहिलं वर्ष बरं गेलं. मग हळूहळू सकाळी उठवेना. अंघोळ नको, ऑफिस नको. तिथली मैत्रीण म्हणाली, "तुम लोग समंदरवाले, मतलब दिमाग ही अलग है तुम्हारा." फोनवर आई म्हणायची, "हवा मानवत नसेल, परत ये." मलाही पटायला लागलं की आपण इथे टिकणाऱ्यातले नाही. राजीनामा द्यायचं ठरवलं.

त्याआधी मनाच्या आजारांवर औषध देणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी गोळी दिली, तर मी दिवसभर झोपूनच. घाबरून पुन्हा गेले आणि विचारलं, "आम्हा कोकणातल्यांचा मेंदू वेगळा असतो का?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मेंदूतली रसायनं सगळ्यांची तीच. औषध कुणाला किती मानवतं, ते मात्र माणसागणिक बदलतं. समाजासमाजातही थोडा फरक असतो, पण त्यावरून तुमच्या एकटीचं काही कळत नाही. रक्ताच्या माणसावरून जास्त कळतं. घरात कुणाला असा त्रास?"

"कुणालाच नाही," मी ठामपणे म्हणाले.

संध्याकाळी आईला सहज विचारलं. तिने दार लावून घेतल्याचं फोनवर ऐकू आलं. मग म्हणाली, "मी प्रेशरची गोळी घेते ना, ती प्रेशरची नाही गं. तू शाळेत होतीस तेव्हापासून घेते. बाबांनाच माहीत आहे. मलाही पहिली मानवली नव्हती, नुसती झोप यायची. मग ही दिली." पाकिटावरचं नाव तिने एकेक अक्षर करून वाचून दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी तीच सुरू केली, अगदी कमी मात्रेत. हळूहळू भूक लागायला लागली. ऑफिसला जायला लागले, भाजीवाल्या भैयाशी घासाघीस करायला लागले.

थंडीत आई राहायला आली. शेजारच्या भाभींनी तिला गोळी घेताना पाहिलं. "आंटीजी, ये किस चीज़ की?" मी घाईघाईने बीपी म्हणणार, तोच आई मोडक्या हिंदीत म्हणाली, "मन की है. बेटी भी लेती है."

भाभींनी मान हलवली आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला.

चिपळूणला हे तिला बाबांशिवाय कधी कुणाला सांगता आलं नव्हतं. तिकडचे तुम्ही सगळे मला विचारता, घरी कधी येणार? येईन की. पण त्या दुपारपासून मी इथेही घरीच आहे.